भूमचा खवा

कुंथलगिरीच्या डोंगरावर कुलभूषण-देशभूषण मुनींचे दर्शन झाले. आचार्य शांतिसागरांनी १९५५ साली सल्लेखना घेऊन इथेच देह ठेवला. मग बालाघाटचे उघडे माळ ओलांडून आमची एस.टी. भूमला आली. बाजारात खव्याचा दर ऐकताच मी, शहरी सवयीने, घासाघीस आरंभली!

"दादा, पाच लिटर म्हशीचं दूध आटवावं तवा किलोभर खवा पडतो," भट्टीवरच्या मावशी म्हणाल्या. "इथं पावसाचा भरवसा न्हाई. सांजंपर्यंत दूध नासतं. खवा तेवढा तग धरतो."

बोलताना त्यांचे उलथणे क्षणभरही थांबले नाही. थांबले तर खवा खाली लागतो, हे आमच्या सौभाग्यवतींनी मला कोपराने ढोसून सांगितले. मी मुकाट्याने पैसे मोजले.