पानगृहातील पट : ऑनलाइन अद्भुतविश्वांतील उपखेळांचे प्रयोजन

सहस्रावधी खेळाडू एकाच वेळी ज्यांत वावरतात आणि खेळाडू निघून गेला तरी ज्यांचा व्यवहार चालूच राहतो, अशा महाजालावरील कल्पित विश्वांना प्रस्तुत लेखात ‘अद्भुतविश्व’ ही संज्ञा योजिली आहे. युद्ध, प्रवास व धनसंचय हा या विश्वांतील मुख्य व्यापार होय. तथापि त्यांतील बहुतेक नगरांत एखादे पानगृह असतेच. तेथे बसून खेळावयाचे पत्ते, फासे किंवा पट यांना आपण ‘उपखेळ’ म्हणू. राक्षसांशी लढण्याकरिता आलेल्या माणसाला पत्त्यांचा डाव का मांडून द्यावा, आणि द्यावयाचाच झाल्यास त्यावर पण कशाचा लावू द्यावा, या दोन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे. पहिला प्रश्न केवळ करमणुकीचा वाटतो. दुसऱ्याशी जोडून पाहिला म्हणजे मात्र तो अर्थव्यवहाराचा आणि कायद्याचाही होतो.

१. विश्रांतीचे स्थान

घर आणि कामाची जागा यांच्याखेरीज माणसाला गप्पागोष्टींसाठी एक ‘तिसरे स्थान’ लागते, हा सिद्धांत समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९ साली मांडला. कॉन्स्टन्स स्टाइनक्यूलर व दिमित्री विल्यम्स यांनी २००६ साली तोच निकष ऑनलाइन खेळांना लावून पाहिला. असे स्थान केवळ इमारत उभी केल्याने निर्माण होत नाही. तेथे थांबण्यास निमित्त लागते.

२००३ साली सुरू झालेल्या ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’मध्ये हे निमित्त सक्तीने निर्माण केले होते. लढाईचा शीण घालविण्यासाठी योद्ध्याला पानगृहात जाऊन नर्तक-वादकांसमोर बसावे लागे. त्यामुळे पानगृहे गजबजली हे खरे. परंतु बसलेल्याला करण्यासारखे फारसे काही नसेल तर सक्तीच्या विश्रांतीचे रूपांतर प्रतीक्षेत होते. त्याच वर्षीच्या ‘पझल पायरेट्स’ने निराळा मार्ग धरला. तेथील खाणावळींतून मेजे मांडली होती व त्यांवर पोकर, हार्ट्स, स्पेड्स यांसारखे पत्त्यांचे डाव चालत. गलबत निघेपर्यंतचा वेळ असा भरून निघे.

यावरून चांगल्या उपखेळाची लक्षणे काढता येतात. डाव थोडक्या वेळात संपणारा असावा. मोहिमेचे बोलावणे येताच तो सोडता यावा. हात गुंतलेले राहूनही तोंड संभाषणास मोकळे असावे. अतिशय सखोल बुद्धिबळी डाव या कसोटीस उतरत नाही. तो पानगृहात शांतता पसरवितो.

२. विश्वाचा अंश की स्वतंत्र खेळ ?

रोजे कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ साली खेळांचे चार वर्ग पाडले : स्पर्धा, दैव, अनुकरण आणि भोवंड. अद्भुतविश्वातील पत्त्यांचा डाव हा यांपैकी पहिल्या तिहींचा संगम होय. कौशल्य व दैव हे त्याचे उघड घटक. परंतु ‘या नगरातील लोक असेच खेळत असतील’ ही कल्पना, म्हणजे अनुकरण, हाच त्याचा विश्वाशी जोडणारा धागा. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मध्ये २०२२ साली आलेला ‘टेल्स ऑफ ट्रिब्यूट’ हा डाव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. प्रतिष्ठेचे गुण मिळवून तो जिंकता येतो, तसाच डावातील चारही आश्रयदात्यांची कृपा संपादूनही जिंकता येतो. हे आश्रयदाते त्या विश्वाच्या इतिहास-पुराणातूनच घेतलेले असल्यामुळे पत्ता टाकणे हे तेथील कथेचेच एक पठण ठरते.

याच्या उलट धोकाही आहे. ‘विचर ३’ या २०१५ सालच्या एकाकी खेळातील ‘ग्वेंट’ हा उपखेळ इतका लोकप्रिय झाला की २०१८ साली तो पूर्ण स्वरूपात स्वतंत्र ऑनलाइन खेळ म्हणून प्रसिद्ध झाला. उपखेळ मूळ विश्वाच्या बाहेर पडला की त्याचे नियम बदलतात, कारण कथेतील विश्रांतीचा डाव आणि अनोळखी प्रतिस्पर्ध्यांतील सामना यांच्या गरजा भिन्न असतात.

३. पणाचा प्रश्न

पण नसलेला डाव फिका वाटतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. खेळाडूंना सोय दिली नाही तर ते ती स्वतः करून घेतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये १ ते १०० यांमधील यदृच्छ संख्या काढणारी एक साधी आज्ञा आहे, तिचा एक नित्य उपयोग म्हणजे लुटीच्या वाटणीतील तंटा मिटविणे. तिच्यावरच खेळाडूंनी एक जुगार रचला. पहिला एका मोठ्या मर्यादेत संख्या काढतो. त्याला आलेली संख्या ही दुसऱ्याची कमाल मर्यादा होते. अशा रीतीने उतरत उतरत ज्याच्या वाट्याला १ येतो तो हरतो. हरलेल्याने पैसे दिले नाहीत तर काय, याचे उत्तर मात्र त्या आज्ञेत नाही. ‘मृच्छकटिका’तील हरलेला संवाहक ऋण चुकविण्यासाठी देवळात मूर्ती होऊन उभा राहतो. येथील कर्जबुडव्याला तेवढेही कष्ट नकोत. त्याने निघून गेले म्हणजे झाले.

पैजेमुळे विश्वातील नाण्यांचा फुगवटा कमी होतो, असे पुष्कळदा म्हटले जाते. हे तपासून पाहिले पाहिजे. अद्भुतविश्वात प्रत्येक मारलेल्या राक्षसामागे नवे नाणे जन्मास येते. म्हणून नाणे नष्ट करणारी द्वारेही लागतात. दोघांनी प्रत्येकी १०० नाणी लावली व एकाने २०० नेली, तर विश्वातील एकूण नाणी तेवढीच राहिली. केवळ हस्तांतर झाले. पानगृहाने ५ टक्के कापून ती नष्ट केली, तर मात्र २०० ची १९० होतील. तीच रक्कम पुन्हा पुन्हा लावली गेल्यास १४ व्या डावानंतर ती निम्म्याहून कमी उरेल. अर्थात नाणे घटविते ते द्यूत नव्हे, तर गृहपतीचा वाटा.

ही व्यवस्था नवी नाही. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात द्यूताध्यक्षाला सांगितलेले नियम असेच आहेत : द्यूत एकाच ठिकाणी चालवावे, अन्यत्र खेळणाऱ्यास १२ पण दंड करावा, फासे अध्यक्षानेच पुरवावेत आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा ५ घ्यावेत. गुप्तपणे उपजीविका करणारे लोक उघडकीस यावेत हा त्यामागील हेतू. शुद्ध फासा, निश्चित स्थान आणि देखरेख या तिन्ही गोष्टी आज सर्व्हरकडून अपेक्षिल्या जातात.

४. खऱ्या पैशाचा स्पर्श

कौटिल्याच्या राज्यात नाणे एकच होते. अद्भुतविश्वात दोन असतात : आतले व बाहेरचे. त्या दोहोंत विनिमय सुरू झाला की पानगृहाचे जुगारगृह होते. ‘सेकंड लाइफ’ हे अद्भुतविश्व नसले तरी त्याचा दाखला बोधप्रद आहे. तेथील चलन डॉलरांत बदलता येत असे. जुलै २००७ मध्ये चालकांनी तेथील द्यूतावर बंदी घातली. ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’मधील पैजेच्या द्वंद्वांचे अंगण २०२२ साली बंद होऊन त्याच्या जागी पैजविरहित आखाडा आला, बाहेरील पैशाचा चोरटा व्यापार हे त्यामागील एक कारण होते. ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये २००७ साली जोडलेल्या ‘लेजंड्स ऑफ नॉर्रथ’ या पत्त्यांच्या खेळात तर पुडकीच खऱ्या पैशाने विकली जात आणि काही पत्त्यांच्या बदल्यात मूळ विश्वातील वस्तू मिळत. तेथे डावापेक्षा पुडके फोडणे हेच द्यूत होते. हा खेळ २०१६ साली बंद झाला.

भारतीय वाचकास हा प्रश्न दूरचा नाही. रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दिला होता. संसदेने २०२५ साली संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाने पैशाच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य-दैव हा भेदच गौण ठरविला आहे. पैशाने घेतलेली वा पैशात बदलता येणारी नाणी व चिन्हेही त्यात पण म्हणून गणली आहेत. तेव्हा पानगृहाची आखणी करणाऱ्याने डावाच्या स्वरूपाआधी नाण्याचे स्वरूप ठरवावयास हवे.

५. एक समाधानकारक तोडगा

‘फायनल फँटसी’ मालिकेने या बाबतीत अनुकरणीय मार्ग दाखविला आहे. तिच्या आठव्या भागात (१९९९) ‘ट्रिपल ट्रायड’ नावाचा डाव होता : नऊ घरांचा पट, प्रत्येकाचे पाच पत्ते, पत्त्याच्या चारही कडांवर अंक, शेजारच्या पत्त्याच्या लगतच्या अंकाहून आपला अंक मोठा असेल तर तो पत्ता आपला. हरणाऱ्याला तेथे पत्ते गमवावे लागत. हाच डाव २०१५ साली ऑनलाइन असलेल्या चौदाव्या भागात आला, तेव्हा पत्ते गमावण्याचा नियम गाळण्यात आला. एकट्याच्या खेळात संगणकाकडून हरणे सोसवते. जिवंत माणसाकडून संग्रह लुटला जाणे नवख्याला कायमचे दूर लोटते. शिवाय तेथील क्रीडागृहाचे गुण निराळे ठेविले आहेत. त्यांतून वेष, वाहने अशी शोभेची बक्षिसे मिळतात. पण ते गुण थेट विश्वाच्या नाण्यांत बदलता येत नाहीत. २०१९ साली तेथेच चौघांचा माहजाँग आला. त्यात पणाची जागा खेळाडूच्या दर्जांकाने घेतली आहे.

तात्पर्य, पण हवाच. परंतु तो धनाचाच असला पाहिजे असे नाही. कीर्ती, दुर्मीळ वेष, दर्जांक किंवा संग्रहातील एक नवा पत्ता यांनीही डावात रंग भरतो. पानगृहातून उठताना खेळाडूची थैली हलकी झालेली नसावी आणि ओळखी मात्र वाढलेल्या असाव्यात, एवढे साधले म्हणजे उपखेळाचे प्रयोजन सफल झाले असे म्हणता येईल.