गुडघ्यांच्या व्यायामाचे दशक

डिसेंबर 2024 मध्ये कॉक्रेन संस्थेने 139 चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध करून, झिजेच्या संधिवातात व्यायामाने गुडघेदुखीला मिळणारा उतार अल्प व कित्येकांना जेमतेम जाणवेल इतकाच असतो, असा निष्कर्ष दिला. आणि तेव्हापासून 'व्यायामाने काही होत नाही' असे जे बेलाशक बोलले जाऊ लागले आहे, ते ऐकून 1997 नंतरचे दशक जवळून पाहिलेल्या माणसाच्या मनाला यातना होतात.

त्यापूर्वीच्या वर्षांत विश्रांती व शेक यांपलीकडे मजल क्वचितच जाई. माझ्या आईलाही एका नामांकित रुग्णालयात 'वंगण संपले, आता जिना नको, मांडी घालून बसणे नको' असा हुकूम झाला आणि वर्षभरात तिची मांडीच सुकली. 1997 साली मात्र अमेरिकेत साठीपुढील 439 रुग्णांवरील चाचणीने, चालण्याने व वजने उचलण्याने वेदना कमी होते, हे दाखवून दिले. त्यातील पहिले तीन महिने व्यायाम केंद्रात, देखरेखीखाली होता, ही गोष्ट आजचे टीकाकार सोयिस्करपणे विसरतात.

आमच्याकडे ती देखरेख शासकीय रुग्णालयातील भौतिकोपचार विभागाच्या बाईंनी केली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबावयास सांगावी, मांडीवर दोन बोटे टेकून स्नायू खरोखर आवळला की नाही याची खातरजमा करावी, आणि मगच घोट्याला वाळूची पिशवी बांधावी, असा त्यांचा शिरस्ता होता. आई पुन्हा जिना चढू लागली.

त्याच काळात, 2000 व 2001 साली, पंतप्रधान वाजपेयींच्या गुडघ्यांवर मुंबईत ब्रीच कँडीत शस्त्रक्रिया झाल्या आणि कृत्रिम सांध्याचे नाव घरोघरी पोहोचले. 2002 साली ह्यूस्टनच्या 180 रुग्णांच्या चाचणीत दुर्बिणीने सांधा धुणे हे लटक्या शस्त्रक्रियेहून सरस ठरले नाही, तरी ते धुणे पुढे वर्षानुवर्षे चालूच राहिले. 2004 मध्ये रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराच्या धोक्यापायी मागे घ्यावे लागले. व्यायामावर असा आरोप कधी आला नाही.

आज बाईंच्या दोन बोटांच्या जागी एक छापील कागद हाती पडतो, आणि त्या कागदाच्या अपयशाचे खापर व्यायामावर फुटते, हा उघड अन्याय आहे. लाभ अल्प असेल, तर अल्प म्हणून सांगावा. परंतु गुडघा दुखणाऱ्या प्रत्येकाने निदान तीन महिने जाणत्या भौतिकोपचारतज्ज्ञाच्या नजरेखाली व्यायाम करावा, आणि शासकीय रुग्णालयांनी त्यासाठी वेळ व माणसे यांची तजवीज करावी, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.