परसबाग रुसली म्हणून सोडू नका

पावसाळा सरता सरता अनेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते : भेंडी पिवळी पडली, मिरचीची पाने आक्रसली, कोथिंबीर उगवलीच नाही, यापेक्षा विकतची भाजी परवडली! हौसेने वाफे करणाऱ्या आपल्या माता-भगिनी मग खुरपे कायमचे ठेवून देतात. पण एका हंगामाने दगा दिला म्हणून जमीन नापीक ठरत नाही. कमी कुठे पडले, ते आधी पाहू या.

सुरुवात मातीपासून. आपल्या अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातील काळी जमीन पावसात चिबडते, मुळांना हवा मिळत नाही. म्हणून भाजी वीतभर उंच गादीवाफ्यावर लावावी. लावणीपूर्वी कुजलेले शेणखत किंवा स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे खत मिसळावे. वांगी, टोमॅटो, मिरची एकाच कुळातील, त्यांचे बरेच रोगही सारखे. तीच जागा त्यांना पुन्हा देऊ नये; तेथे घेवडा किंवा गवार लावावी. या पिकांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र धरून ठेवतात. फळभाज्यांना रोज सहा तास तरी ऊन हवे. अर्धवट सावलीत पुदिना, पालक चालतो.

उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते. वुजूचे पाणी साबणाचे नसते. ते वाफ्याकडे वळवावे. वाफ्यावर पालापाचोळा अंथरला की ओल टिकते.

भेंडीच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग पांढरी माशी पसरवते. असे झाड उपटून टाकावे. माशी दिसताच निंबोळी अर्क फवारावा : 50 ग्रॅम निंबोळीच्या गराची भरड रात्रभर भिजवून गाळावी, पाणी घालून एक लिटर करावे आणि संध्याकाळी फवारावे.

आता बियाणे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी चढल्या नाहीत. पण त्यांनी गावठी वाण जमवले, बायफ संस्थेच्या मदतीने बियाणे बँक उभी केली. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे काम आपल्याला एवढेच सांगते की, बी घरचे असले तर पुढचा हंगाम आपल्या हाती राहतो. संकरित वाणाचे बी धरले तर पुढचे पीक तसेच येईल याची खात्री नसते. गावठी वाणाचे धरता येते. निरोगी झाडाच्या चार शेंगा वाळू द्याव्यात, बी सावलीत सुकवून राखेत घोळवावे आणि कोरड्या डब्यात ठेवावे.

पेरण्यापूर्वी, आम्ही शिक्षक वर्गात मुलांकडून करून घेतो तो प्रयोग घरीही करावा. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. सात-आठ रुजल्या तर बी चांगले. दोन-तीनच रुजल्या तर ते बाजूला ठेवून दुसरे आणावे. आठवडाभराची ही तपासणी तीन महिन्यांची मेहनत वाचवते.

सगळे अंगण एकदम नको. यंदा एकच वाफा नीट करू या, आणि त्यातले मूठभर बी शेजारच्या घरीही देऊ या.