शिक्षेची गोष्ट, लेखांक ६ : केबल चोरणाऱ्याचं काय करायचं?

सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्यावर शिक्षेचा विषय निघाला, की बोलणं लगेच फाशीपर्यंत जातं. भर चौकात लटकवा म्हणणाऱ्यांची कुठल्याच गावात कमतरता नसते. पण या भागातल्या शेतकऱ्याचं नुकसान करणारा चोर बहुधा साधा असतो. रात्रीतून विहिरीवरच्या मोटारीची केबल कापायची, वरचं आवरण जाळायचं आणि तांबं भंगारात घालायचं. हरभऱ्याला पाणी द्यायची पाळी आलेली असते, आणि सकाळी मोटार मुकी. चोर सापडला, आत गेला, तरी केबल काही परत येत नाही.

मागच्या आठवड्यात आपण मराठेशाहीतल्या दिव्याचे, म्हणजे खरंखोटं ठरवायच्या अग्निपरीक्षेसारख्या कसोट्यांचे, प्रकार पाहिले. त्या काळची गोतसभा, म्हणजे गावकऱ्यांची आणि जातभाईंची न्यायसभा, बसायची ती मुख्यतः बिघडलेला व्यवहार पुन्हा जुळवायला. वस्तू परत करायची, गुन्हेगारी म्हणजे दंड भरायचा, प्रायश्चित्त घ्यायचं आणि पुन्हा पंक्तीत बसायचं. ऐकायला बरं वाटतं, पण भुलू नये. पंक्तीत कुणी बसायचं हे जातीनं ठरलेलं होतं, आणि शिक्षाही जात पाहून व्हायची. पेशवाईत ब्राह्मणाला देहदंड सहसा होत नसे. व्यभिचाराचा ठपका आलेल्या बाईला मात्र सरकारात कुणबीण म्हणून राबावं लागे. शिवाय शिक्षा सुनावणं वेगळं आणि ती अमलात आणणं वेगळं. १७७३ मध्ये नारायणरावाचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. ते घेतलं कुणी? शास्त्रीबुवाच पुणं सोडून गेले.

इंग्रजी अमलात तुरुंग हीच मुख्य शिक्षा झाली. मेकॉलेच्या मसुद्यातून तयार झालेली १८६० ची दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. मुंबई इलाख्यात म्हणजे पुण्या-साताऱ्यात. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तिथं हैदराबादची स्वतःची दंडसंहिता चाले. मेकॉलेचा कायदा या भागात आला तो पोलीस कारवाईनंतर, १९५१ मध्ये. पुण्याच्या आजोबांचा आणि सेलूच्या आजोबांचा कायदा एक नव्हता, हे मराठवाड्याबाहेर कुणाच्या सहसा ध्यानात येत नाही.

त्या संहितेत चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दंड जमा व्हायचा सरकारात. त्यातून फिर्यादीला भरपाई देण्याची सोय न्यायालयाकडे होती, पण तो खटल्याचा मुख्य विषय नव्हता. गुन्हा आता राज्याविरुद्ध मानला जाई. ज्याचं नुकसान झालं तो उरला नुसता साक्षीदार. माझ्या मते आजच्या चिडीचं मूळ इथं आहे. माणसं कडक शिक्षा मागतात, कारण दुसरं काही पदरात पडेल असं त्यांना वाटतच नाही.

याच काळात वेगळा प्रयोग झाला तो औंध संस्थानात. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंता मॉरिस फ्रीडमन यांनी १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. गंभीर गुन्ह्यांचे कैदी तिथं भिंतीशिवाय राहू लागले, शेती करू लागले, बायकापोरं सोबत. माणदेशासारख्या कोरड्या मुलखात पळून जायला आडोसाही नव्हता आणि अडवायला कुंपणही नव्हतं; भिस्त होती ती कैद्याच्या शब्दावर. ग. दि. माडगूळकर त्याच परिसरातले. याच वसाहतीवरून सुचलेली व्ही. शांतारामांच्या १९५७ च्या ‘दो आँखे बारह हाथ’ची कथा त्यांची. चित्रपट बर्लिनला गाजला. वसाहत मात्र संस्थान विलीन झाल्यावरही राहिली आणि आजही तिथं कैदी राहतात. आपल्याकडं पैठणचं खुलं कारागृह त्याच वाटेवरचं. पण तिथं पोहोचायच्या आधी कैद्याला बंद तुरुंगातली बरीच वर्षं काढावी लागतात; केबल चोरणाऱ्याचा त्याच्याशी संबंध येत नाही.

त्याच्यासाठी तरतूद आली ती १ जुलै २०२४ ला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४ मध्ये शिक्षांच्या यादीत सामुदायिक सेवा पहिल्यांदा आली. चोरीचा माल पाच हजारांच्या आतला असेल, दोषी पहिल्यांदाच ठरला असेल आणि त्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा कैदेची नाही, समाजाच्या उपयोगी पडणाऱ्या बिनमोबदला कामाची. म्हणजे केबलची किंमत आधी शेतकऱ्याच्या हाती, काम नंतर. गोतसभेचा हिशेब जात वगळून कायद्यात परत आला, असं म्हणायला हरकत नाही.

अडचण पुढं आहे. काम कुठलं आणि किती तास, हे संहितेनं ठरवलेलं नाही. शाळेचं आवार झाडायचं की रस्त्याकडेची झाडं जगवायची, हजेरी घ्यायची कुणी, ग्रामसेवकानं की ठाण्याच्या हवालदारानं? आणि ज्याच्या विहिरीवरनं केबल गेली त्याच्याच गावात चोराला कामाला लावायचं का? माझं मत लावावं असं आहे. फाट्यावर किती जणांना ते पटेल, सांगता येत नाही.

(पुढील आठवड्यात : पॅरोल आणि फर्लो)