कागदाची परीक्षा कागदानेच

पांढऱ्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच तांबडा होतो, हे घरोघरी ठाऊक आहे. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळंच राहतं, आम्लारीत लाल होतं. हळदीवर चुन्याची प्रक्रिया करून कुंकू बनतं, तेही याच गुणावर. हळदीच्या अर्कात बुडवून वाळवलेला कागद प्रयोगशाळेतही वापरतात, पण त्याला आम्ल ओळखता येत नाही. त्यासाठी लिटमस हवा. लिटमसचा रंग रोसेला जातीच्या दगडफुलांपासून मिळतो. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल त्यांच्याच गोतावळ्यातलं. रॉबर्ट बॉइलने १६६४ साली रंगांवरच्या ग्रंथात असे रंगपालट नोंदवले होते. आम्लता आकड्यात मोजणारा सामू मात्र १९०९ साली आला, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या सोरेन्सनमुळे.

लिटमससाठी कागद घेतात तो टिपकागदासारखा, खळ न दिलेला. कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांब साखळी. या साखळ्यांना पाण्याची ओढ असते. थेंब टेकताच तो तंतूंमधून पसरतो आणि रंगाला भिडतो. लिहायच्या कागदाला हीच ओढ नडते, शाई फुटते. म्हणून त्याला खळ द्यावी लागते.

आपल्या ग्रंथालयांचं दुखणं या खळीतच आहे. जर्मनीत मोरिट्झ इलिगने १८०७ साली राळ आणि तुरटीची स्वस्त खळ प्रसिद्ध केली आणि ती जगभर गेली. पुढे कागदगिरण्यांनी तुरटीऐवजी अॅल्युमिनियम सल्फेट घेतलं. हवेतल्या दमटपणात त्यातून आम्ल तयार होतं आणि ते सेल्युलोजच्या साखळ्या तोडत राहतं. त्यात लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन उजेडाने पिवळं पडतं. म्हणून जुन्या हातकागदावरची पोथी अनेकदा धड राहते आणि शंभर वर्षांपूर्वीच्या मासिकाचं पान उलटताना कोपरा हातात येतो. पिवळेपणा पाहून आपण वयाला दोष देतो; खरा दोष बहुधा गिरणीतल्या कृतीचा असतो.

तपासणी अवघड नाही. पानाच्या कडेला शुद्ध पाण्याचा थेंब ठेवायचा, त्यावर रंग न सोडणारी सामूपट्टी काही मिनिटं दाबून धरायची आणि रंग पट्टीसोबतच्या तक्त्याशी ताडायचा. क्लोरोफिनॉल रेडचं पेनही मिळतं. त्याची रेघ जांभळी झाली तर कागद निर्धोक, पिवळी राहिली तर आम्लधर्मी. ही रेघ पुसली जात नाही, तेव्हा दुर्मीळ पुस्तकावर ते चालवूच नये. पाण्याच्या थेंबाचाही डाग राहू शकतो, म्हणून मजकुरापासून दूरची, कमी महत्त्वाची जागा निवडावी.

आम्ल मारायला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची संयुगं वापरतात, पण तुटलेल्या साखळ्या त्याने जुळत नाहीत. म्हणून ज्यांची पानं अजून दुमडल्यावर मोडत नाहीत, त्या पुस्तकांवर हे उपचार आधी व्हायला हवेत. ज्यांची मोडतात, त्यांची आधी छायाप्रत घ्यावी. कोकणातल्या दमट हवेत तर हे काम पुढच्या पावसाळ्यावर टाकू नये.