विणीच्या हंगामातील रानहंस

कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावर उभे राहून पगारवाढ आणि बोनस सोडून पक्ष्यांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा पक्षिशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. पण एका हंसाने आम्हांला चांगलेच पळवले असते, आणि एका हंसापायी एका हमालाचे मनगट मोडले, म्हणून हा विषय घेतला.

हंस म्हटला की आपल्याला नळ-दमयंती आठवते, सरस्वतीचे वाहन आठवते. प्रत्यक्षातला हंसही आपण पाहतो तो सौम्यच. हिवाळ्यात उजनीच्या किंवा जायकवाडीच्या पाण्यावर राजहंसांचे थवे उतरतात ते पाहुणे म्हणून. त्यांचा संसार लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांकाठी. अंडी घातलेला हंस मराठी माणसाच्या दृष्टीस सहसा पडतच नाही. पाहुण्या आलेल्या गृहस्थाचा स्वभाव आणि त्याचाच घरातला स्वभाव यांत किती अंतर असते, हे आपण जाणता.

उत्तर अमेरिकेत मात्र हा संसार लोकांच्या दारातच चालतो. तिथल्या रानहंसाला ‘कॅनडा गूज’ म्हणतात. काळी मान, हनुवटीखाली पांढरा पट्टा, अंग तपकिरी. मोठा नर पाच-सहा किलो भरतो आणि पंख पसरले म्हणजे दीड मीटरच्या वर जातो. याची सर्वांत थोराड जात नामशेष झाली असे विद्वानांनी धरलेच होते. 1962 साली मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावी हॅरल्ड हॅन्सन या संशोधकाला ती एका तळ्यावर जिवंत आढळली. वीजकेंद्राच्या गरम पाण्यामुळे ते तळे गोठत नसे. पुढे सरकारांनीच ती जोपासली, ठिकठिकाणी सोडली. शहरांनी तिच्यासाठी जणू पायघड्या घातल्या: कापलेले हिरवे गवत, शोभेची तळी, दूरवर दिसणारे मोकळे मैदान, आणि लांडग्याची भीती नाही. आज हे हंस तिथे लाखांनी आहेत, आणि त्यांतले पुष्कळ आता स्थलांतरही करीत नाहीत.

एका वर्षी एप्रिलच्या अखेरीस आम्ही शिकागोला भाच्याकडे गेलो होतो. 1 मे रोजी जायचे ठिकाण ठरलेलेच होते. 1886 च्या हेमार्केट प्रकरणात फाशी गेलेल्यांची समाधी शहराबाहेर फॉरेस्ट पार्कच्या दफनभूमीत आहे. 1893 साली उभारलेल्या त्या शिल्पात एक स्त्री पडलेल्या कामगाराच्या मस्तकावर पुष्पमुकुट ठेवते आहे. तिथून आम्ही नदीच्या बाजूला वळलो, तोच गवतातून एक हंस मान जमिनीलगत लांब करून, फुत्कारत, सरळ अंगावर आला. लाठीमारात कुठल्या गल्लीत शिरावे हे आम्हांला तीस वर्षांच्या अनुभवाने कळते. हंसापुढे काय करावे ते कळेना. पाठ फिरवून धूम ठोकणार, इतक्यात भाच्याने दंड धरला. “मामा, पळू नका. त्याच्याकडे बघत मागे या.”

तसे आम्ही आलो. पावसाच्या धाकाने छत्री बरोबर होतीच. भाच्याने ती हळूच उघडून मध्ये धरायला लावली. वीस-पंचवीस पावले मागे येताच हंस थांबला, मान उंच करून ओरडला आणि परत फिरला. तेव्हा कुठे आम्हांला दिसले की एका थडग्याच्या आडोशाला त्याची मादी पिसांच्या गादीवर बसली आहे.

इथेच सारी मेख आहे. मादी एकेक करून सहसा पाच-सहा अंडी घालते आणि शेवटचे अंडे झाल्यावर उबवायला बसते. मग सुमारे अठ्ठावीस दिवस ती थोडा वेळ चरण्या-पिण्यापलीकडे उठत नाही. नर अंडी उबवत नाही. तो जरा अंतरावर, चौफेर नजर टाकता येईल अशा जागी पहारा करतो. वाटसरूला नर दिसतो, घरटे दिसत नाही. उगीच अंगावर येणारा खुनशी पक्षी असे आपण त्याला म्हणतो, आणि नकळत घरट्याच्या दिशेनेच पळतो! आपल्या माळावरची टिटवी डोक्यावर घिरट्या घालते तेव्हा शेतकरी पायाखाली बघतो. तोच शहाणपणा इथे लागतो.

हंस सहसा आधी इशारा देतो. डोके खालीवर करणे, फुत्कार, मग पसरलेले पंख. तेवढ्यावर मागे फिरले तर बहुधा प्रकरण मिटते. ओरडू नये, काठी उगारू नये. तो उडून तोंडावरच आला तर वाकून बाजूला व्हावे. त्याला दात नाहीत, चोचीच्या कडेला करवतीसारख्या धारा आहेत. पंखाचा तडाखाही लागतो. पण माणसे जायबंदी होतात ती बहुतेक धडपडून पडल्यामुळे. लहान मुलाला मात्र लगेच पाठीशी घ्यावे, कारण हंसाची चोच त्याच्या तोंडाच्या उंचीवर येते. आणि पाव घालण्याचा दानधर्म टाळावा. माणसाला न भिणारा हंसच जास्त अंगावर येतो.

मनगट मोडलेला हमाल भाच्याच्या गोदामातला. माल चढवण्याच्या दाराशेजारी, फुलझाडांच्या कुंडीत हंसिणीने घरटे केले होते. नराला चुकवताना हा गृहस्थ पायरीवरून मागच्या मागे पडला. व्यवस्थापनाचे म्हणणे, पक्ष्याला कायद्याचे संरक्षण, आम्ही काय करणार? कायदा खराच आहे. 1916 साली अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात कॅनडासाठी करार झाला, 1918 साली अमेरिकेने त्याचा कायदा केला, आणि परवान्याशिवाय घरट्याला हात लावणे गुन्हा ठरले. परंतु 2006 पासून जागेचा मालक सरकारदरबारी नोंद करून कायम वस्तीच्या हंसांची अंडी तेल लावून निकामी करू शकतो. अंडी काढून नेली तर मादी पुन्हा घालण्याचा संभव. तेल लावलेली अंडी मात्र ती बिचारी उबवतच राहते. हा उपाय आम्हांला रुचला नाही, आणि त्या हमालांनाही रुचला नाही हे सांगायला आनंद वाटतो. त्यांची मागणी साधी होती: चार आठवडे हे दार बंद ठेवा, माल पलीकडच्या दाराने न्या, आणि मध्ये फळ्यांचा आडोसा उभा करा. नराला माणूस दिसलाच नाही तर तो धावणार कशाला? पलीकडचे दार लांब पडते, गाड्या खोळंबतात, म्हणून व्यवस्थापन आठवडाभर अडून बसले. मनगटाच्या उपचाराचे बिल समोर आल्यावर फळ्या एका दुपारीत उभ्या राहिल्या.

आम्ही परतल्यावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. पाच पिल्ले निघाली होती. दुसऱ्याच दिवशी सकाळच्या पाळीला मादी पुढे, नर मागे, अशी ती रांग मालाच्या गाड्यांमधून चालत तळ्याकडे गेली. ती पार होईपर्यंत दोन्ही बाजूंचे चालक गाड्या थांबवून उभे राहिले. दुपारी फळ्या काढल्या आणि दार उघडले.