‘६० टक्के ब्लॉकेज’ म्हणजे नक्की किती? टक्क्यांपलीकडचं हृदयाचं गणित

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं काढलंय.)

मागच्या भागानंतर एक व्हॉइस नोट आली. मुलगा पंचविशीतला असेल. म्हणाला, “बाबांना जिना चढताना छातीत जड वाटायचं. अँजिओग्राफी केली, एका नसेत ६० टक्के ब्लॉकेज निघालं. डॉक्टर म्हणतायत स्टेंट टाकता येईल, गोळ्यांवरही राहता येईल, घरी बोलून सांगा. आता हे आम्ही कसं ठरवायचं?”

प्रश्न रास्त आहे. म्हणून आजचा भाग त्या ६० या आकड्यावर.

टक्के येतात कुठून?

अँजिओग्राफीत हृदयाच्या रोहिणीत, म्हणजे आपण जिला नस म्हणतो तिच्यात, डाय सोडतात आणि एक्स-रेवर तिची सावली बघतात. सावली जिथे बारीक दिसते तिथे अडथळा. तो किती, हे बऱ्याचदा नजरेनं ठरवलं जातं. एकच चित्र बघून एक डॉक्टर ६० म्हणेल, दुसरा ७०. यात कुणाची लबाडी नाही, नजरेच्या अंदाजाची ती मर्यादाच आहे.

आणखी एक गंमत. ३ मिलिमीटरची नळी दीड मिलिमीटर उरली, तर रुंदी ५० टक्के गेली. पण रक्त जायची जागा किती गेली? ७५ टक्के! त्यामुळे आकडा रुंदीचा की क्षेत्रफळाचा, हे आधी विचारा.

सकाळी सातचं पाणी

आता तुमची सोसायटी डोळ्यासमोर आणा. पाइपमध्ये कचरा अडकलाय. रात्री दोन वाजता तुम्ही एकटेच नळ सोडता, पाणी झकास येतं. सकाळी सात वाजता सगळ्या घरांचे नळ सुरू झाले की तुमच्याकडे नुसती धार. पाइप तोच, कचराही तोच. बदलली ती मागणी.

हृदयाचं तसंच आहे. बसलेलं असताना पुढच्या बारीक रक्तवाहिन्या सैल होतात आणि अडथळ्याची भरपाई करतात. लान्स गूल्ड या अमेरिकन डॉक्टरांनी १९७४ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं: रुंदी साधारण ८५ टक्के कमी होईपर्यंत आरामातला प्रवाह टिकून राहतो, पण जास्तीत जास्त प्रवाहाची क्षमता ५० टक्क्यांच्या आसपासच घसरायला लागते. म्हणून बाबा सोफ्यावर ठणठणीत आणि जिन्यावर हैराण.

म्हणजे खरा प्रश्न ‘किती बारीक झालं’ एवढाच नाही. ‘गरज असताना रक्त किती कमी पोचतं’ हा आहे.

एफएफआर: अडथळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे

नेदरलँड्सचे निको पाइल्स आणि बेल्जियमचे बर्नार्ड डी ब्रॉयन यांनी १९९० च्या दशकात हे मोजायची पद्धत रुजवली. नाव फ्रॅक्शनल फ्लो रिझर्व्ह, थोडक्यात एफएफआर. केसासारखी बारीक, टोकाला सेन्सर असलेली तार अडथळ्यापलीकडे नेतात. ॲडेनोसिन देऊन प्रवाह पूर्ण वाढवतात, म्हणजे सगळे नळ उघडतात. मग दोन्हीकडचा दाब बघतात. अलीकडे १०० आणि पलीकडे ८० असेल, तर एफएफआर ०.८०. तेवढा किंवा त्याहून कमी आला, तर अडथळा खरोखर रक्त अडवतोय असं धरतात.

२००९ मध्ये ‘फेम’ हा अभ्यास आला. एकाहून जास्त रोहिण्यांत अडथळे असलेले १,००५ रुग्ण. निम्म्यांना चित्र बघून स्टेंट, निम्म्यांना एफएफआर मोजून. मोजून केलेल्या गटात माणशी सरासरी १.९ स्टेंट लागले, दुसऱ्यात २.७. वर्षभरात मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पुन्हा प्रोसिजर यांचं प्रमाण १३.२ टक्के विरुद्ध १८.३ टक्के. स्टेंट कमी, त्रासही कमी.

याच अभ्यासात चित्रावर ५० ते ७० टक्के दिसणारे अडथळे तपासले, तेव्हा त्यातले फक्त ३५ टक्के रक्त अडवणारे निघाले. आपल्या मित्राच्या बाबांचं ६० टक्के नेमकं याच पट्ट्यात येतं. उलट ९० टक्क्यांच्या वर गेलं की जवळपास सगळेच गंभीर. तिथे वाद नाही, वाद मधल्या पट्ट्यात आहे.

तार न घालता?

इथे कॉम्प्युटर येतो. सीटी अँजिओग्राफीत हाताच्या शिरेतून डाय देऊन हृदयाचे फोटो काढतात. त्यावरून रोहिण्यांचं थ्रीडी मॉडेल बनवायचं आणि द्रवाच्या प्रवाहाची गणितं सोडवून प्रत्येक जागचा दाब काढायचा. विमानाच्या पंखांवरून हवा कशी वाहते हे ज्या शास्त्रानं काढतात, तेच शास्त्र. याला सीटी-एफएफआर म्हणतात. स्टॅनफर्डमधल्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या हार्टफ्लो कंपनीच्या अशा चाचणीला अमेरिकेच्या एफडीएनं २०१४ मध्ये परवानगी दिली.

दुसरा प्रकार क्यूएफआर. यात नेहमीच्या अँजिओग्राफीच्या दोन कोनांतल्या चित्रांवरून हिशोब होतो. तार नाही, ॲडेनोसिन नाही. चीनमधल्या ३,८०० हून अधिक रुग्णांच्या अभ्यासात, २०२१ मध्ये, नुसत्या नजरेपेक्षा क्यूएफआर सरस ठरलं. पण २०२४ मध्ये युरोपात त्याची गाठ थेट तारेच्या एफएफआरशी पडली, तेव्हा ते कमी पडलं: वर्षभरात त्रास ६.७ टक्के विरुद्ध ४.२ टक्के. म्हणजे अंदाजापेक्षा गणित बरं, पण प्रत्यक्ष मोजमाप अजून पुढे.

सीटीच्याही मर्यादा आहेत. खूप कॅल्शियम साठलेलं असेल, ठोके वेगात असतील, आधीचा स्टेंट असेल, तर चित्र बिघडतं आणि गणितही. किडनीचा त्रास असेल तर डायचा विचार आधी करावा लागतो.

मग बाबांचं काय?

स्टेंट की गोळ्या, हे मी पॉडकास्टवरून सांगणार नाही. पण डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारा:

१. अडथळा कुठल्या रोहिणीत आहे? डाव्या मुख्य रोहिणीत असेल तर हिशोब वेगळा.
२. टक्के नजरेनं ठरवलेत की मोजून?
३. एफएफआर किंवा दुसरी फ्लो टेस्ट करता येईल का, आणि तिचा खर्च किती?
४. गोळ्या नीट घेऊनही जिन्यावर त्रास होतो का?

घाई आहे असं वाटत असेल, तर २०२० मध्ये आलेला ‘इस्केमिया’ अभ्यास लक्षात ठेवा. स्थिर दुखणं असलेल्या पाच हजारांवर रुग्णांत आधी गोळ्या देऊन बघितल्यानं मृत्यू किंवा अटॅक वाढले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र स्टेंट-बायपासच्या गटात जास्त कमी झालं. म्हणजे बाबांची तब्येत स्थिर असेल, तर दुसरं मत घ्यायला सहसा वेळ असतो.

पण एक गोष्ट पक्की. बसल्या जागी छातीत दाब येतोय, घाम फुटलाय, दुखणं थांबत नाहीये, तर हे सगळं गणित बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. तिथे मिनिटं मोजायची असतात, टक्के नाही.

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. आणि बाबांच्या फाइलमधली अँजिओची सीडी जपून ठेवा, दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्टइतकीच तीही लागते. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!